अर्ध्यावर थांबलेले प्रशिक्षण

(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या सभेतील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी बंद पडू पाहणाऱ्या शाळांविषयी बोलावे, हे काहींना अनुचित वाटेल. परंतु या सभागृहात शिक्षणसंस्था चालविणारी अनेक मंडळी आहेत. व्यवसाय प्रशिक्षणाची शाळा चालवावी की मिटवावी, हा प्रश्न त्यांच्यापैकी कित्येकांसमोर कधी ना कधी उभा राहतो. तो निर्णय होताना ज्याचे मत कोणी विचारीत नाही, त्या प्रशिक्षणार्थ्याची बाजू मांडण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला. दहावी झालेला मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे फिटर, टर्नर वा इलेक्ट्रिशियनचे काम शिकतो, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देतो आणि मग विद्यावेतनावर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल होतो. त्याचे प्रमाणपत्र देशभर चालते. शेतमजुराच्या घरातील मुलाला यंत्रापर्यंत नेणारी इतकी सरळ वाट दुसरी क्वचितच असेल.

अशा संस्था का बंद पडतात, हे आपणांस ठाऊक आहे. यंत्रे जुनी होतात, शिल्प निदेशकांची पदे रिकामी राहतात, प्रवेश घटतात, संलग्नता धोक्यात येते. काही व्यवसाय तर काळच बाद करतो. एकेकाळी गजबजलेला रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्तीचा वर्ग आज जुन्या स्वरूपात चालवण्यात अर्थ नाही. प्रत्येक शाळा कायम चालावी, असा माझा हट्ट मुळीच नाही. माझे म्हणणे पहिले वर्ष पूर्ण करून दुसऱ्या वर्षात बसलेल्या मुलांपुरते आहे.

कला शाखेचा विद्यार्थी एका महाविद्यालयातून दुसरीकडे गेला तर पुस्तके बहुतेक तीच राहतात. कार्यशाळेचे तसे नसते. एका तुकडीत किती मुले घ्यायची, हे लेथ किती, व्हाइस किती, निदेशक किती यांवर ठरते. शेजारच्या तालुक्यातील संस्थेत तो व्यवसायच नसतो, किंवा असला तरी जागा भरलेल्या असतात. मुलगी असेल तर पहाटेच्या एस.टी.ने एवढ्या लांब पाठवायचे कसे, या प्रश्नावर घरातच तिचे शिक्षण संपते. शिवाय फिटरच्या पहिल्या वर्षात महिनोन्‌महिने कानस चालवून पृष्ठभाग सपाट आणि कोन काटकोनात आणण्याचा हात बसवावा लागतो. तो हात बसला, पण पुढचे काम शिकायचे राहिले, तर बाजारात त्याला किंमत नाही. अर्धा फिटर कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. तो मुलगा तेथे हेल्पर म्हणूनच लागतो.

याहून वाईट गोष्ट निर्णयाआधी घडते. शाळा बंद होणार, अशी नुसती कुणकुण लागली की निदेशक दुसरीकडे नोकरी शोधू लागतात. ‘बंदच व्हायची आहे’ म्हणून वेल्डिंगच्या कांड्या आणि लोखंडी पट्ट्या मागविल्या जात नाहीत. प्रात्यक्षिकाऐवजी फळ्यावर आकृती निघते. मुले कंटाळून येईनाशी होतात आणि मग तीच रोडावलेली हजेरी बंद करण्याचे कारण म्हणून इतिवृत्तात नोंदविली जाते! याला मी हिशेबाची सोय म्हणतो. न्याय म्हणत नाही.

शाळेवर संकट येते तेव्हा समाज काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ऐन उमेदीत किर्लोस्करांचे नांगर विकले होते. श्रम आणि शिक्षण यांची सांगड त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबविले. पैसा आटला, पण कर्मवीरांनी शाळांना कुलूप लावले नाही. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. त्या मधल्या काळात वर्ग भरत राहिले, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

आपल्या संस्थांकडून माझे मागणे एवढेच आहे. बंद करायचेच असेल तर नवे प्रवेश थांबवावेत. दाखल झालेली शेवटची तुकडी परीक्षेपर्यंत न्यावी. तोवर निदेशकाला सोडू नये, कच्च्या मालाची तरतूद तोडू नये. ते खरोखरच अशक्य असेल, तर दुसऱ्या संस्थेत जागा मिळवून देण्यासाठी पदाधिकाऱ्यांनी स्वतः जावे. पालकांच्या हाती अर्ज देऊन मोकळे होऊ नये. हजेरी, वर्षभराचे गुण आणि मुलांनी केलेल्या जॉबच्या नोंदी मुलांबरोबर नव्या संस्थेत पोहोचतील, असे पाहावे. आणि हा विषय सभेपुढे येईल त्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या मुलांपैकी दोघांना तरी आत बोलावून बसायला खुर्ची द्यावी.