कळा आणायचं औषध आणि मनातली भीती
(निमोणे येथील जोडप्यांपुढे केलेले भाषण)



आज बाळंतपणातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. दिवस भरलेत, कळा येत नाहीत आणि डॉक्टर म्हणतात, "ॲडमिट व्हा, औषध देऊन कळा आणू." एवढं ऐकलं की घरात काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. सून गप्प होते. सासू म्हणते, "आम्ही सहा बाळंतपणं घरात केली, कुणी औषध दिलं नाही." नवरा दाराबाहेर जाऊन मित्राला फोन लावतो. रात्री कुणी झोपत नाही, आणि सकाळी "दोन दिवस थांबून बघू" असं ठरतं. त्या दोन दिवसांत कधी काहीच होत नाही, आणि कधी फार वाईट होतं. म्हणून हा विषय घेतला.

मी नर्स आहे. शेकडो बायकांना ही सलाईन माझ्या हातानं लावली आहे. पण माझ्या पहिल्या वेळी मलाच डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा माझे हात गार पडले. सगळं माहीत असून भीती वाटली. तेव्हापासून एक सवय सोडली. आधी मी बायकांना म्हणायचे, "काही होत नाही, घाबरू नको." हे बोलणं चुकीचं होतं. ते ऐकलं की बाईचं तोंड बंद होतं, भीती मात्र आतच राहते. आता मी विचारते, "नेमकं कशाला घाबरतेस?" मग ती बोलते.

बहुतेक बायकांचा पहिला प्रश्न हा, की दिवस तर भरले, मग कळा का येत नाहीत? माझ्यात काही खोट आहे का? ताई, खोट नाही. शेवटच्या पाळीपासून २८० दिवस धरून तारीख काढतात, पण नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. शिवाय आपल्याकडे पाळीची तारीख "पोळ्याच्या आधी दोन दिवस" अशी लक्षात राहते, आणि पोळा दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो! म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा आणि सोनोग्राफी करून घ्या. तेव्हाची सोनोग्राफी दिवसांचा हिशोब सगळ्यांत बरोबर सांगते. नवव्या महिन्यातली तेवढा बरोबर सांगत नाही. हिशोब चुकला तर दिवस उलटले नसतानाही उलटले असं वाटतं.

मग डॉक्टर घाई का करतात? बाकी सगळं ठीक असेल तर ४१ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबता येतं. त्यानंतर थांबण्यात बाळाचा धोका वाढत जातो. वार थकते, बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, कधी बाळ पोटातच शी करतं. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे झाल्यावर कळा आणाव्यात असंच सांगते. दुसरं कारण म्हणजे पाणमोट फुटली आणि कळा नाहीत. अशा वेळी आत जंतू शिरायची भीती असते. तिसरं कारण रक्तदाब. त्यावर थोडं जास्त बोलते.

गरोदरपणी रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त गेला, लघवीत प्रथिनं दिसू लागली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीखाली पोटात दुखलं, तर वाट बघू नका. पुढची पायरी झटक्यांची असते. झटक्यांत आई जाते, बाळ जातं. गोळ्यांनी रक्तदाब आवरता येतो, पण हा आजार मुळापासून बरा होतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच. म्हणून अशा बाईचे दिवस पूर्ण भरायच्या आधीही कळा आणाव्या लागतात. एक बाई मला म्हणाली, "सिस्टर, मला तर काही त्रास नाही, मग कशाला?" तिचा रक्तदाब १६० च्या वर होता. तो आजार असाच असतो, दुखत नाही. तिचा नवरा तिला घरी न्यायला गाडी घेऊन आला होता. मी त्याला रक्तदाबाचं यंत्र दाखवलं, आकडा वाचायला लावला आणि तो आकडा कशाचा हे सांगितलं. तो गाडी परत पाठवायला बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली. मायलेकी चांगल्या राहिल्या.

आता औषधाचं. तुम्ही दूधवाले लोक आहात, म्हणून तुमच्या मनातला प्रश्न मीच बोलून टाकते. "म्हशीला पान्हा सोडायला टोचतात तेच हे ना?" हो, नावानं तेच. ऑक्सिटोसिन. पण ते कुठून आलं ते ऐका. वासरू तोंड लावतं तेव्हा गाईच्या शरीरात हा रस आपोआप सुटतो. बाळ अंगावर प्यायला लागलं की आईच्याही सुटतो, म्हणून पिताना पोटात कळ येते. हेन्री डेल या शास्त्रज्ञानं १९०६ मध्ये मेंदूखालच्या एका छोट्या ग्रंथीच्या अर्कानं गर्भाशय आकसतं हे पाहिलं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी तो रस प्रयोगशाळेत बनवला. त्यांना १९५५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे हे काही विष नव्हे, तुमच्याच अंगातला रस आहे. गोठ्यात तो मनमानी वापरणं ही वेगळी गोष्ट. जनावराला अपाय होईल अशा रीतीनं दुधासाठी सुई टोचणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे.

खरा फरक देण्याच्या पद्धतीत आहे. दवाखान्यात ते सलाईनमधून थेंबाथेंबानं देतात. अगदी थोडं सुरू करून, कळा मोजत, बाळाचे ठोके ऐकत, हळूहळू वाढवतात. कळा फार जवळजवळ आल्या किंवा ठोके बिघडले तर सलाईन बंद करतात, आणि काही मिनिटांतच तिचा जोर उतरू लागतो. दंडात टोचलेलं इंजेक्शन मात्र परत काढून घेता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, बाळ बाहेर यायच्या आधी घरी कुणाकडूनही कळांची सुई घेऊ नका. कुणी कितीही ओळखीचा असो. त्या सुईनं पिशवी फाटू शकते, बाळ आतल्या आत गुदमरू शकतं, आणि तेव्हा मोठ्या दवाखान्याला पोचायला वेळ उरत नाही. एरंडेल पाजणं, पोट चोळून खाली दाबणं, हेही नको. सासूबाई, रागावू नका, तुमचा अनुभव मोठा आहे. पण पोट दाबू नका.

सलाईन लगेच लावतात असंही नाही. आधी आतून तपासून पिशवीचं तोंड मऊ झालंय का ते बघतात. कच्चं असेल तर ते पिकवावं लागतं. त्यासाठी जेल लावतात, किंवा अगदी थोड्या प्रमाणात गोळी देतात, किंवा रबरी नळीचा छोटा फुगा आत ठेवतात. फुग्याला बायका फार भितात. फुगा बसवताना ओढल्यासारखं होतं, लाज वाटते, मग तो तसाच राहतो. तोंड उघडलं की आपोआप गळून पडतो. आधी सीझर झालेलं असेल तर यातल्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून जुना कागद बरोबर असू द्या, आणि तो कुणी मागितला नाही तरी आपण होऊन दाखवा.

हे सगळं आपल्याकडच्या बायकांना मानवतं का? याचं उत्तर नागपुरात मिळालं आहे. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्त्री रुग्णालय, दोन्ही सरकारी. २०१३ ते २०१५ या काळात तिथे रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांचा अभ्यास झाला. निम्म्यांना दर दोन तासांनी छोट्या मात्रेची गोळी तोंडानं दिली, निम्म्यांना फुगा बसवला. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोळीवाल्या बायकांत शंभरातल्या ५७ जणी २४ तासांच्या आत खालून बाळंत झाल्या, फुगावाल्यांत ४७. कळांचा अतिरेक झाला तो ६०२ मध्ये फक्त तिघींना. मला त्यातला दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा वाटतो. जवळजवळ निम्म्या बायका पहिल्या २४ तासांत खालून बाळंत झाल्या नाहीत. आपल्याकडे सकाळी जेल लावलं आणि दुपारपर्यंत काही झालं नाही, की नातेवाईक ओरडायला लागतात, "औषध लागू पडत नाही, दुसरीकडे न्या." थांबा. दीड-दोन दिवसही लागतात. हे आधीच माहीत असलं तर निम्मी भीती तिथेच कमी होते.

खोटं सांगणार नाही. औषधानं आणलेल्या कळा पुष्कळदा जोरात आणि लवकर लवकर येतात. आपोआपच्या कळा हळूहळू चढतात, या कधी एकदम पकडतात. कळ आली की श्वास कोंडू नका. चूल पेटवताना फुंकणीतून लांब फुंकर घालतो तशी तोंडानं सावकाश सोडा. कळ गेली की अंग सैल सोडा, पाणी प्या, डॉक्टर चालू म्हणाले तर चाला, कूस बदला. पहिल्या रात्री कळा थोड्या असतील तर झोप काढा, पुढच्या दिवशी ताकद लागते. आणि पलीकडच्या खाटेवरची आधी बाळंत झाली तर तिच्याशी तुलना करू नका. तिचं तिसरं असेल, तुमचं पहिलं असेल.

हेही खरं, की काही वेळा औषध देऊनही तोंड उघडत नाही, किंवा बाळ दमतं, आणि सीझर करावं लागतं. तो बाईचा पराभव नव्हे, आणि डॉक्टरांचा डाव आहे असंही लगेच धरू नका. कारण विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सही करण्याआधी विचारा, "कळा आणायचं कारण काय? एक-दोन दिवस थांबलो तर काय धोका? कशानं आणणार? रात्री बाळाचे ठोके कोण बघणार? सीझर लागलं तर इथे होईल की शिरूरला, पुण्याला ससूनला जावं लागेल?" कागदावर लिहून न्या, लाज कसली. काही डॉक्टर चिडतात, हे मीही पाहिलं आहे. तरी विचारा.

मात्र एक उलटी गोष्टही चालली आहे, तीही सांगते. काही घरांतून मुहूर्त काढून आणतात आणि म्हणतात, "या तारखेला, या वेळेला मूल झालं पाहिजे." कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आधी बाळाला बाहेर ओढू नका. त्या शेवटच्या आठवड्यांत त्याची फुप्फुसं आणि मेंदू भरत असतात. पत्रिका नंतरही मांडता येते.

आता भाऊ, तुमच्याशी. सलाईन सुरू असताना तुम्ही दवाखान्याबाहेर टपरीवर उभे राहता आणि तिला वाटतं आपल्याला सोडून सगळे गेले. प्रसूतीच्या खोलीत बाईजवळ तिची एक जिवाभावाची सोबतीण असू शकते. २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत याला मान्यता आहे. आई असो, बहीण असो, जिच्याजवळ ती मोकळी होते तिला न्या. जी "अमकीच्या सुनेचं असं झालं" अशा गोष्टी सांगते, तिला घरी ठेवा. तुम्ही फोन चालू ठेवा, आणि रक्तगट जुळणारे दोन जण आधी सांगून ठेवा. पैशाची काळजी असेल तर २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२, तातडीला १०८.

आणखी एक कुजबूज ऐकू येते. "ते औषध देतात आणि मग पिशवी निकामी होते, पुन्हा दिवस राहत नाहीत." काही जणांना वाटतं यात ऑपरेशनच उरकून टाकतात. तसं नाही. कळांच्या औषधाचा आणि पुढे मूल होण्या-न होण्याचा काही संबंध नाही. तांबी किंवा शस्त्रक्रिया हा वेगळा विषय, त्याला वेगळी संमती लागते, आणि तो नवराबायकोनं शांतपणी, आधीच्या महिन्यांत ठरवायचा. कळा देत असलेल्या बाईला तो विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या शिरूर तालुक्यातच, वढूला, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात खेड्यातल्या आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना शिकवलं आणि त्यांच्यामार्फत घराघरात माहिती पोचवली. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते शेजारची बाई एकदा सांगते आणि पटतं. म्हणून आज इथे ज्यांना कळा आणून बाळंतपण झालेलं आहे, त्यांनी आत्ता या पोरींजवळ बसावं आणि जसं झालं तसं सांगावं. दुखलं ते सांगा, किती वेळ लागला ते सांगा, कोण जवळ होतं तेही सांगा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. ज्यांचा आठवा, नववा सुरू आहे त्यांनी कार्ड घेऊन जोडीनं या. रक्तदाबाचा आकडा नवऱ्यानंही वाचायचा आणि पाठ करायचा. आता विचारा काय विचारायचं ते. बायकांना सगळ्यांपुढे बोलायचा संकोच वाटत असेल तर मी थोडा वेळ शाळेच्या मागच्या खोलीत बसते, तिथे या.