लिखांची फणी आणि माशाचं तेल

(वसंत व्याख्यानमालेतलं व्याख्यान, थोडं आवरतं घेऊन)



काल याच मंचावर ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं, उद्या शेअर बाजार आहे, आणि मधल्या दिवशी खाजेवर बोलायला मला उभं केलंय. संयोजकांनी फोनवर सांगितलं, "डॉक्टर, कुत्र्यामांजरांच्या कातडीसाठी नैसर्गिक काय काय देता येतं ते सांगा, घरगुती उपाय लोकांना आवडतात." मी हो म्हटलं. पण येताना औषधाची बाटली न आणता ही फणी आणलीय. मागच्या रांगांना दिसत नसेल. शाळेत जाणारी मुलगी असलेल्या घरात ही असतेच: लिखांची फणी.

कुत्र्याला उभं करायचं आणि शेपटीच्या बुडाशी, कंबरेवर, केसांच्या मुळापर्यंत फणी घालून ओढायची. मिरपुडीसारखे काळे कण निघाले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर झटकायचे आणि मिनिटभर थांबायचं. माती असेल तर काळीच राहील. कणाभोवती विटकरी रंग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे तुमच्याच कुत्र्याचं पचलेलं रक्त. मग पिसू डोळ्यांना दिसो न दिसो, ती आहे.

हे पुस्तकात वाचून मी परीक्षेत लिहिलंही होतं, आणि तरी विसरलो. दवाखाना टाकून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. एक पांढरं पॉमेरेनियन आलं, कंबरेवरचे केस चावून चावून काढलेले. मी तेव्हा नुकताच ओमेगा-तीनबद्दल वाचून भारावलो होतो. तपासल्यासारखं केलं, माशाचं तेल लिहून दिलं, आणि "वेळ लागतो, धीर धरा" असं सांगितलं. त्या घरानं अडीच महिने धीर धरला. मग एक दिवस घरच्या आजी एकट्याच आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू का? ह्याची चादर भिजत घातली की पाणी लालसर होतं, ते कशानं?"

मी बसल्या जागी गार पडलो. माझ्या पुस्तकातलं निदान त्यांच्या बादलीत अडीच महिने पडून होतं.

पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावे पुरतात, खाज कित्येक दिवस टिकते. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती अंगावरून घरंगळून गोधडीत, सतरंजीत, सोफ्याच्या फटीत जातात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या सगळ्या पिलावळीचा जेमतेम विसावा हिस्सा. अशा कुत्र्याला जगातलं उत्तम तेल पाजलं तरी चकचकीत केसांचं खाजरं कुत्रं मिळेल.

सप्लिमेंटला आपण पूरक म्हणतो. मला हा शब्द इंग्रजीपेक्षा बरा वाटतो, कारण तो लगेच विचारायला लावतो: काय उणं आहे?

खरोखर उणं असलं तर काय होतं, ते मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं १९२९ साली दाखवलं. त्यांनी उंदरांना स्निग्धांश जवळजवळ काढून टाकलेलं खाणं दिलं. उंदरांच्या कातडीवर खवले आले, शेपट्या खरबरीत होऊन सुजल्या, वाढ खुंटली. तोवर चरबी म्हणजे नुसते उष्मांक, असा समज होता. लिनोलेइक आम्ल थोडंसं जरी पोटात गेलं तरी कातडी सुधारते, हे पुढच्या वर्षी त्यांनी मांडलं. कातडीतलं पाणी आत धरून ठेवायला हे आम्ल लागतं.

आणि ते भरपूर कशात असतं? करडईच्या तेलात. आपल्या पारंपरिक करडईच्या तेलात जवळजवळ पाऊण हिस्सा तेच. सोलापूर-लातूरकडची मंडळी इथे असतील तर त्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. पोळी-दुधावर किंवा नुसत्या भातावर वाढलेलं कुत्रं घ्या: केस राठ, अंगावर कोंडा, पण खाज बेताची. त्याचं खाणं आधी सुधारा आणि वर चमचाभर करडईचं तेल घाला. महिन्या-दीड महिन्यात हाताला फरक लागतो. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला मात्र वरून तेल नको. माझं हे सर्वांत आवडतं पूरक, कारण त्याच्या डब्यावर गोल्डन रिट्रीव्हरचा फोटो नसतो.

खाजेची गोष्ट वेगळी. पंजे सतत चाटणं, कान पुन्हा पुन्हा बिघडणं, काखा आणि पोट लाल होणं, आणि हे सगळं सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू झालेलं. अशा कुत्र्यात बहुधा ॲटोपी निघते, म्हणजे धूळ, परागकण, घरातले सूक्ष्म कोळी यांच्या ॲलर्जीचा जन्मजात कल. इथे माशाच्या तेलाला काम आहे. त्यातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-तीन आम्लं पेशींच्या आवरणात जाऊन बसतात आणि दाह पेटवणाऱ्या द्रव्यांचा कच्चा माल कमी करतात. आवरणं बदलायला वेळ लागतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साठ ॲटोपिक कुत्री होती; त्यांतल्या काहींना स्टेरॉइडबरोबर अशी आम्लं बारा आठवडे दिली, बाकीच्यांना दिली नाहीत. आम्लं मिळालेल्यांना स्टेरॉइड कमी लागलं, पण तो फरक दिसायला दोन महिने गेले. म्हणजे तेल औषधाची मात्रा खाली आणतं. औषधाच्या जागी ते बसत नाही. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही हो" म्हणून बाटली फेकणारे आणि तेलावर विसंबून गोळ्या बंद करणारे, दोघंही माझ्याकडे परत येतात.

आता कुणी म्हणेल, मग आपलं जवस काय वाईट? जवसाची चटणी तर घरात असतेच. (तिच्यात लसूण असतो. कुत्र्यामांजराला लसूण-कांदा नको, रक्तपेशी फुटतात.) जवसातलं ओमेगा-तीन वेगळ्या रूपाचं असतं. ते शरीरानं बदलून घ्यावं लागतं. कुत्रं त्यातलं थोडंसं बदलतं, मांजर जवळजवळ नाहीच. ज्या घरात मासा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्यांच्यासाठी समुद्री शेवाळाचं तेल मिळतं. मासाही ते तिथूनच घेतो.

कॅप्सूल घेताना पुढचा आकडा वाचू नका. पुढे ठळक एक हजार मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते नुसत्या तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरांत साध्या कॅप्सूलला ईपीए १८० आणि डीएचए १२० सापडतं. कामाचे तेवढे तीनशे. मात्रा त्यावरून आणि वजनावरून निघते, आणि ती डॉक्टरकडूनच काढून घ्या, कारण जास्त झालं तर जुलाब होतात आणि रक्त गोठायला वेळ लागतो. घरी आणल्यावर एक कॅप्सूल सुईनं टोचून वास घ्या. माशाचा वास यायचाच. पण जुन्या तेलाच्या डब्यासारखा खवट आला तर ती बाटली कुत्र्याला नको आणि तुम्हालाही नको. आणि दुकानदार "एकच असतं हो" म्हणत कॉड लिव्हरचं तेल पुढे करेल, ते माशाच्या यकृताचं. त्यात अ जीवनसत्त्व भरमसाट असतं आणि ते शरीरात साठत जातं. रोज काळीज-यकृत खाऊन मानेचे मणके जुळलेलं मांजर मी पाहिलंय. त्याला स्वतःची पाठ चाटता येत नव्हती.

झिंकचं थोडक्यात. पुण्यात हल्ली हस्की दिसतात, बिचारे. त्या जातीत काहींना झिंक नीट शोषता येत नाही, डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती खपल्या धरतात. त्यात धान्यातलं फायटेट झिंक अडवून धरतं, म्हणजे पोळीवरचा हस्की दोन्हीकडून अडकला. पण झिंक जास्त झालं तर विष आहे, तेव्हा निदानाशिवाय नको. अंडं द्यायचं तर उकडून. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिनला धरून बसतं, आणि बायोटिनसाठीच तर आपण अंडं देतो!

हळदीवर मला नेहमी विचारतात. आपल्या खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं आणि अंगावर भंडारा, तेव्हा हळदीविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, शास्त्रज्ञ माशेलकरांचं नाव त्या लढ्यामुळे घरोघरी गेलं. पण तो वाद हे ज्ञान कुणाचं आहे याचा होता. पोटात घेतलेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी पोचतं. चिमूटभर दिल्यानं बिघडत नाही. खाज तिनं थांबलेली मी पाहिलेली नाही. सोफा पिवळा झालेला पाहिलाय.

खोबरेल कोरड्या पंजांना लावायला चांगलं. कोरफडीचा पारदर्शक गर चालतो, पण सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला की जुलाब, आणि कुत्रं चाटणारच. बिनसाखरेचे साधे ओट्स मिक्सरमधून बारीक करून कोमट पाण्यात घाला आणि त्यात दहा मिनिटं कुत्रं उभं करा. खाज खरंच निवते, तात्पुरती. तात्पुरती खाज निवणं हीसुद्धा रात्री दोन वाजता मोठी गोष्ट असते.

मांजरवाल्यांनी मात्र वरच्यातलं काहीही मला न विचारता करू नये. मांजराच्या यकृतात अनेक द्रव्यं निरुपद्रवी करून बाहेर टाकणारी एक वाट जवळजवळ बंद असते. म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. नैसर्गिक तेलांनाही तोच नियम. टी-ट्री तेलाबद्दल २०१४ साली एक अहवाल आला: अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राकडे दहा वर्षांत कुत्र्यामांजरांच्या ४४३ नोंदी, आणि बहुतेक ठिकाणी ते तेल मालकानं प्रेमानं, उपाय म्हणूनच लावलेलं. कडुनिंबाचं तेल लावून लाळ गाळत, थरथरत आलेली मांजरं आपल्याकडेही असतात. मांजराच्या अंगावर गोल टक्कल पडलं आणि घरातल्या मुलाच्या हातावरही गोल चट्टा उठला, तर तो बहुधा नायटा. तिथे तेलं-बिलं विसरा.

एक गोष्ट रस्त्यावरच्या कुत्र्यांची. लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल फासणारे भले लोक प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण ते ऑइल कातडी भाजतं आणि चाटून पोटात जातं. लुतीचे किडे मारणारी गोळी आता मिळते, बिस्किटात घालून देता येते. ऑइलचा डबा घेऊन निघालेला माणूस दिसला तर भांडू नका, बिस्किटाचा पुडा त्याच्या हातात द्या आणि गोळीचं नाव लिहून घ्यायला दवाखान्यात पाठवा.

पॉमेरेनियनचं राहिलंच. गोधड्या कढत पाण्यातून काढल्या, पिसवांचं औषध सलग तीन महिने दिलं, केस परत आले. तेलाची बाटली आजींनी मला आणून दिली, अर्धी उरली होती. म्हणाल्या, "कुणा गरजूला द्या."

आता प्रश्न घेऊ. मोबाइलवरचे फोटो नकोत, फोटोत सगळी खाज सारखीच दिसते. फणी इथे टेबलावर ठेवतोय, हातात घेऊन बघा. धुतलेली आहे.