मूकवाचनातला आवाज कोणाचा?

‘मूकवाचन’ हा शब्द प्रत्यक्षात तितकासा खरा नाही, कारण ओठ मिटलेले असले आणि घशातून नाद उमटत नसला तरी बहुतेक वाचकांच्या मनात त्या वेळी कोणीतरी बोलत असते, आणि ते बोलणारे नेहमी वाचक स्वतःच असते असेही नाही. उदाहरणार्थ, वैनगंगेच्या काठी, भंडारा शहराच्या पलीकडे वसलेल्या कारधा गावाचे नाव पावसाळ्यात वर्तमानपत्रांत वारंवार येते, कारण तेथील पुलाजवळ मोजली जाणारी नदीची पातळी ही भंडाऱ्याच्या पुराची खूण मानली जाते. ‘कारधा येथे पाणी वाढत आहे’ हे वाक्य पुण्यामुंबईचा वाचक बातमी म्हणून वाचून पुढे जातो. पण ऑगस्ट 2020 च्या अखेरीचा पूर ज्याने सोसला, तो नदीकाठचा वाचक तेच वाक्य दवंडी देणाऱ्या कोतवालाच्या आवाजात ऐकू शकतो, रात्री दार ठोठावणाऱ्या शेजाऱ्याच्या आवाजात ऐकू शकतो, किंवा लेकरांना आधी उचला म्हणणाऱ्या आईच्या आवाजात. अक्षरे दोघांपुढेही तीच असतात. आवाज ज्याच्या त्याच्या आयुष्यातून येतो.

मनातल्या मनात चालणाऱ्या या बोलण्याला मानसशास्त्रात अंतर्वाणी म्हणतात. संज्ञा नवी असली तरी अनुभवाची दखल भारतीय परंपरेने फार पूर्वी घेतली होती. व्याकरणाचा तत्त्वज्ञ भर्तृहरी याने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात वाणीच्या तीन पायऱ्या मानल्या: शब्द आणि अर्थ अजून वेगळे झालेले नसतात ती पश्यंती, शब्दांचा क्रम लागलेला असतो पण मुखातून ध्वनी निघालेला नसतो ती मध्यमा, आणि कानांना ऐकू येते ती वैखरी. पुढे या तिहींच्या आधी परा ही चौथी वाणी मानली गेली आणि ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त या चारही वाणींचा विचार केला. आजचे शास्त्रज्ञ ज्या अंतर्वाणीचा शोध घेत आहेत ती बहुतांशी मध्यमाच होय. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस हे तीन प्रकार, म्हणजे मोठ्याने केलेला, ओठांतल्या ओठांत केलेला आणि केवळ मनात केलेला जप, याच उतरत्या ध्वनीच्या पायऱ्या आहेत. मनुस्मृतीने त्यांत मानस जपाला सर्वांत वरचे स्थान दिले. म्हणजे ज्या उच्चाराचा कोणालाही पुरावा मिळत नाही, तोच श्रेष्ठ ठरवला.

हा आवाज मनात येतो कोठून, या प्रश्नाचे सर्वांत पटणारे उत्तर रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की याने दिले, आणि ते मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, 1934 मध्ये, प्रसिद्ध झाला. लहान मूल आधी इतरांशी बोलते, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते, पुढे ते बोलणे कुजबुजीवर येते आणि शेवटी आत जाते, असा त्याने क्रम लावला. घरात भांडी मांडून खेळणारी चार वर्षांची मुलगी ‘हात नको लावू, गरम आहे’ असे स्वतःलाच बजावते तेव्हा ते शब्द आईचे असतात, बहुधा हेलसुद्धा आईचाच असतो. सातव्या-आठव्या वर्षी ती असे मोठ्याने बोलताना फारशी दिसत नाही, पण बजावणे थांबलेले नसते, ते फक्त ऐकू येईनासे झालेले असते. हे मान्य केले की मनात दुसऱ्यांचे आवाज का येतात, हा प्रश्नच उलटा होतो, कारण आतला आवाज मुळात दुसऱ्यांकडूनच आलेला असतो आणि त्यातला काही भाग ‘माझा’ होण्यास वेळ लागतो. अंतर्वाणीच्या प्रकारांची नोंद करण्यासाठी 2011 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी जी प्रश्नावली तयार केली तिच्यात स्वतःशी संवाद, तुटक बोलणे आणि स्वतःच्या वागण्याची पारख यांच्याबरोबरच इतर माणसांचे आवाज हा एक स्वतंत्र घटक धरावा लागला. मराठीत ‘आईचा आवाज कानात घुमतो’ असे जे सहज म्हटले जाते, त्याला या निमित्ताने शास्त्राच्या वहीत जागा मिळाली.

वाचनाच्या बाबतीत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते, कारण तेथे शब्द समोर ठरलेले असतात आणि फक्त आवाज पुरवायचा असतो. 1977 मध्ये स्टीफन कॉसलिन आणि त्यांच्या सहकारी ॲन मॅट यांनी एक साधा प्रयोग केला: वाचकांना आधी दोन माणसांचे बोलणे ऐकवले, त्यांतला एक भरभर बोलणारा होता आणि दुसरा संथ, आणि मग वाचायला दिलेला मजकूर यांपैकी कोणाचा आहे ते सांगितले. मजकूर संथ बोलणाऱ्याचा आहे असे कळलेल्यांनी तो अधिक हळू वाचला. पत्रांच्या काळात वाढलेल्या पिढीला हे सांगण्यासाठी प्रयोगाची गरज पडली नसती, इतका हा अनुभव घरोघरचा आहे. भिलाईच्या कारखान्यात किंवा नागपुरात कामाला गेलेल्या मुलाचे अंतर्देशीय पत्र वाचताना घरातल्यांना त्याचा खाकरा आणि वाक्याच्या शेवटी स्वर खाली सोडण्याची त्याची लकबसुद्धा ऐकू येई. पत्र शेजारच्या शिकलेल्या मुलाने वाचून दाखवले तरी ऐकणारी आई ते वाचणाऱ्याच्या आवाजाखालून आपल्या मुलाच्या आवाजात ऐके.

विदर्भापुरते पाहिले तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ हे याचे ठळक उदाहरण ठरते. 41 अध्यायांचा हा ग्रंथ 1955 मध्ये प्रसिद्ध झाला आणि गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेतून तो ऐकला गेला. महाराजांचे खंजिरीवरचे भजन ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले, त्यांच्यासाठी ‘ग्रामगीते’च्या ओवीला खंजिरीचा ठेका आपोआप लागतो, पण महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे 1968 नंतर जन्मलेल्या वाचकाला तो ठेका ध्वनिमुद्रणातून किंवा गावातल्या भजनी मंडळाच्या एखाद्या वयस्क गायकाकडून उसना घ्यावा लागतो. उसना असला तरी तो खोटा नव्हे. पोथीचे अक्षर आणि पोथी सांगणाऱ्याचा गळा यांची अशी गाठ पडलेली असते, की श्रावणात वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या तोंडून पोथी ऐकलेल्या गावात तो माणूस गेल्यावरही अनेकांना ती त्याच्याच आवाजात वाचावी लागते.

मराठीत या अनुभवाची सर्वांत खोल नोंद मात्र बहिणाबाईंची आहे. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची नव्हे, तर सतराव्या शतकातल्या, शिऊरच्या संत बहिणाबाईंची. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी तुकोबांना पाहिलेही नव्हते. घरातले लाडके वासरू गेल्याच्या दुःखात त्या व्याकूळ झालेल्या असताना तुकोबा स्वप्नात आले आणि त्यांनी मंत्र दिला, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून सांगितले आहे. प्रत्यक्ष भेट पुढे देहूला झाली. श्रद्धावंत याला साक्षात्कार म्हणतील आणि त्या श्रद्धेला धक्का लावण्याचे काहीच कारण नाही. वाचनाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: जे शब्द त्या मुलीने परक्या कीर्तनकाराच्या तोंडून ऐकले होते, त्या शब्दांमागचा माणूस तिने आत उभा केला, आणि ब्राह्मण घरातल्या स्त्रीला शूद्र गणल्या गेलेल्या कवीकडे जाण्यास बाहेरचे सगळे जग मना करत असताना हा आतला आवाज तिला पुरेसा झाला. मनातल्या परक्या आवाजाला केवळ आठवणीची सावली समजणाऱ्यांनी या स्त्रीकडे पाहावे. तिचे पुढचे सारे आयुष्य त्या आवाजावर उभे राहिले.

सगळ्यांनाच असे ऐकू येते का? डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये एडिंबरोच्या पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने दीड हजारांहून अधिक वाचकांना हा प्रश्न विचारला, तेव्हा सुमारे सातांपैकी एकाने सांगितले की पुस्तकातली पात्रे समोर बसून बोलावीत इतक्या स्पष्टपणे ऐकू येतात. काहींच्या बाबतीत तर पुस्तक मिटल्यावरही ते पात्र मनात राहून दुकानात, रस्त्यात, स्वतःच्या घरात पाहिलेल्या गोष्टींवर बोलत राहते. दुसऱ्या टोकाला अशीही माणसे आहेत ज्यांच्या मनात शब्दांचा आवाज जवळजवळ नसतोच, आणि या स्थितीला 2024 मध्ये स्वतंत्र शास्त्रीय नाव सुचवण्यात आले. अशी माणसे कमी विचार करतात असा अर्थ काढणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जंगलाच्या पट्ट्यात, दुसऱ्याचा आवाज स्वतःचा कसा होतो हे रंगमंचावर पाहता येते. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, मोसम सुरू झाला की गावोगाव रात्रभर नाटके चालतात, एकेक नट एका हंगामात अनेक नाटकांत उभा राहतो आणि तालमींना वेळ अपुरा असतो, म्हणून प्रॉम्प्टरला मोठे महत्त्व येते. हातात संहिता धरून तो वाक्य नटाच्या अर्धा श्वास पुढे म्हणतो. त्याच्या स्वरात राग नसतो, रडणे नसते, नुसते शब्द असतात, आणि ते नटाच्या कानातून तोंडापर्यंत पोचता पोचता त्यांना बापाचा संताप किंवा विधवेचा हुंदका चिकटतो. कसलेला नट प्रॉम्प्टरला ऐकतो आणि तरी ऐकत असल्याचे डोळ्यांत दिसू देत नाही. अंतर्वाणीवरचे अनेक ग्रंथ चाळूनही तिच्या घडणीचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडेल.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण एखाद्या घरात या विषयाची भीती असू शकते. वडिलांचा आवाज मनात येणे आणि तो बाहेरून, कानाने, नकोसा असताना, थांबवता न येण्यासारखा ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस बोलतो तेव्हा मेंदूचा बोलणे घडवणारा भाग ऐकणाऱ्या भागाला ‘हा आवाज आपलाच आहे’ अशी आगाऊ सूचना देतो, आणि मनातल्या बोलण्यातही ही सूचना जात असावी असे मानले जाते. ती चुकली तर स्वतःचेच शब्द परक्याचे वाटू शकतात, असे या भासांचे एक स्पष्टीकरण आहे. त्यातही संस्कृतीचा वाटा मोठा आहे. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानाची राजधानी आक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी 20 रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कॅलिफोर्नियात हिंसक आणि अनोळखी आवाजांचे प्रमाण जास्त आढळले, तर चेन्नईत निम्म्याहून अधिक रुग्णांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत होते, आणि ते आवाज रागावतही आणि स्वयंपाक कर, आंघोळ कर असे घरचे कामही सांगत. आजार तेथेही आजारच होता, आणि उपचार लागतच होते. असा त्रास होणाऱ्याला देवऋष्याच्या दारात महिनोन्‌महिने बसवून ठेवणे हा अन्याय आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, तो घ्यावा.

पुन्हा झाडीपट्टीतल्या कारध्याकडे वळले, तर तेथे मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शाळेतल्या मुलाचा आहे. या भागातल्या जुन्या वळणाच्या झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण नाहीत. पाणी हे ‘पानी’ होते, डोळा हा ‘डोरा’ होतो, काळा हा ‘कारा’ होतो. या बोलीसाठी आयुष्य वेचणारे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचे व्याकरण आणि शब्दभांडार जपले नसते, तर शिकलेल्यांनी तिला केवळ अशुद्ध उच्चारांचा ढीग मानले असते. घरी ‘डोरा’ ऐकलेले मूल वर्गात ‘डोळा’ मोठ्याने नीट वाचायला शिकते, आणि ते शिकणे गरजेचेही आहे. पण पुस्तक घरी नेऊन, अंगणात बसून, ओठ न हलवता ते हाच शब्द वाचते तेव्हा आत कोण बोलते, गुरुजी की आजी? गुरुजींच्या आवाजाला तेथे जागा आहेच. आजीच्या आवाजाला ती नाकारली गेली, तर त्या मुलाला पुस्तक हे कायम दुसऱ्यांच्या घरासारखे वाटत राहण्याचा धोका आहे, आणि हा धोका शुद्धलेखनाच्या चार चुकांहून कितीतरी मोठा आहे.

मनात वाचताना आत कोणाचा उच्चार असतो हे तपासता येण्यासारखे आहे. रूथ फिलिक आणि एमा बार्बर यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्लंडच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या वाचकांना काही यमकबद्ध चुटके मनात वाचायला दिले. त्यांतली काही यमके एका भागाच्या उच्चारात जुळत होती आणि दुसऱ्या भागाच्या उच्चारात जुळत नव्हती, आणि जेथे वाचकाच्या स्वतःच्या हेलात यमक मोडत होते तेथे त्याची नजर अडखळताना यंत्राने टिपली; म्हणजे मनात वाचतानाही हेल गावचाच राहतो. झाडीबोलीत ‘काळा’ आणि ‘वारा’ यांचे यमक जुळते, ‘पाणी’ आणि ‘जवानी’ यांचेही जुळते. प्रमाण मराठीत दोन्ही जोड्या मोडतात. या शब्दांची चार-सहा कडवी रचून कारध्याच्या एखाद्या वर्गात मुलांपुढे ठेवावीत, त्यांना ती मनात वाचू द्यावीत, आणि ‘काळा’वरून ‘वारा’वर जाताना त्यांची नजर थबकते की सरळ पुढे जाते, तेवढे पाहावे.