दमा आणि शरीराचे रक्षक

मध्यरात्रीं घरांतला दमेकरी अंथरुणावर उठून बसतो, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतो आणि एकेका श्वासासाठीं झगडूं लागतो. घरच्या मंडळींना त्या वेळीं एकच गोष्ट कळते. ती ही कीं, श्वासनलिका आवळली आहे. पंपाचे दोन झुरके घेतले कीं ती सैल पडते आणि घर पुन्हां निश्चिंत होतें. परंतु दुखणें गेलेलें नसतें. तें नलिकेच्या अस्तरांत धुमसतच असतें. आणि तें धुमसत ठेवणारे बहुधा शरीराचे स्वतःचेच रक्षक असतात.

ही कल्पना अगदीं नवी नव्हे. सर विल्यम ऑस्लर यांनीं १८९२ सालच्या आपल्या वैद्यकग्रंथांत, पुष्कळ दमेकऱ्यांच्या सूक्ष्म श्वासनलिकांना एका विशिष्ट प्रकारचा दाह असतो, असें लिहून ठेविलें होतें. त्यापूर्वीं, १८७९ सालीं, पॉल एर्लिख या जर्मन संशोधकाला इओसिन नांवाच्या तांबड्या रंगानें कांहीं श्वेतपेशींच्या पोटांतील कण लालभडक झालेले आढळले. त्या पेशींस इओसिनोफिल हें नांव मिळालें. कणांनीं भरलेल्या दुसऱ्या एका जातीच्या पेशींना त्यांनींच मास्ट पेशी म्हटलें होतें. दम्यांत या दोन्ही जातींचा वांटा मोठा आहे.

हा अनर्थ घडतो कसा? गाद्या-उशांमध्यें डोळ्यांना न दिसणारे धूलिकीटक राहतात. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासाबरोबर आंत जातात. बहुतेकांना त्यांचा कांहींच उपद्रव होत नाहीं. परंतु ज्याची प्रकृति तशी असेल, त्याच्या शरीरांत पहाऱ्यावरील पेशी हे कण उचलून टी पेशींपुढें नेतात आणि टी पेशी त्यांना शत्रु ठरवितात. त्यांच्या इशाऱ्यानें बी पेशी इम्युनोग्लोब्युलिन ई हें प्रतिद्रव्य बनवूं लागतात. अमेरिकेंत काम करणाऱ्या किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें १९६६ सालीं त्याचा शोध लाविला. त्याच सुमारास स्वीडनमध्येंहि तें स्वतंत्रपणें सांपडलें.

हें प्रतिद्रव्य मास्ट पेशींना चिकटून बसतें. तोच कण पुन्हां आला कीं कांहीं मिनिटांतच त्या पेशी हिस्टामिन आदि द्रव्यें बाहेर ओततात. स्नायु आवळतात, अस्तर सुजतें, कफ सुटतो. हा झटका तासा-दोन तासांत ओसरतो. परंतु टी पेशींनीं इंटरल्युकिन-५ या निरोप्याकरवीं बोलाविलेले इओसिनोफिल तोंवर वाटेवर असतात. पुष्कळांना चार ते आठ तासांनीं पुन्हां धाप लागते, ती यामुळें. इओसिनोफिलांच्या कणांतील जहाल प्रथिनें कृमींशीं लढण्याच्या कामाचीं. येथें कृमि नसतो. म्हणून त्यांचा मारा अस्तरावरच होतो. वर्षानुवर्षें असें चालल्यास नलिकेची भिंत जाड होत जाते.

सालब्युटामॉलचा पंप स्नायु सैल करतो. या पेशींना तो हटवीत नाहीं. तें काम श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचें. बेक्लोमेथॅसोनचा असा पंप १९७२ पासून ब्रिटनमध्यें मिळूं लागला. त्याचा गुण मात्र सावकाश, दिवसा-आठवड्यांनीं येतो. येथेंच घरोघर घात होतो. ज्या पंपानें तत्काळ बरें वाटतें तो उशाशीं राहतो, ज्यानें आग विझते तो “पंपाची संवय लागते” या भीतीनें, किंवा “आतां खोकला कोठें आहे?” असें म्हणून बंद होतो. वस्तुतः दमा आटोक्यांत ठेवणारें औषध रोज घेणें म्हणजे व्यसन नव्हे. दम्याचे जागतिक मार्गदर्शक नियम ठरविणाऱ्या ‘गिना’ या संस्थेनें २०१९ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, प्रौढ व कुमारवयीन रोग्यांना नुसत्या स्नायु सैल करणाऱ्या पंपावर ठेवूं नये.

सर्वांचा दमा एकाच जातीचा नसतो. कांहींच्या दम्यांत इओसिनोफिल थोडे असतात. उलट ज्यांच्यांत ते फार असून दमा तीव्र आहे, अशांसाठीं इंटरल्युकिन-५ ला अडविणारें औषध २०१५ पासून निघालें आहे. कोणाला काय द्यावें हें डॉक्टरांनींच तपासून ठरवावें. मात्र घरांतले दोन पंप कोणते आणि त्यांतला रोजचा कोणता, हें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावें. उशाचा पंप वरचेवर लागूं लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. आणि त्यानें श्वास मोकळा होत नसेल, तर उजाडण्याची वाट न पाहतां रोग्यास इस्पितळांत न्यावें.