तळटीप आहे, पण कधीची?

वॉशिंग्टन शहरातल्या फोर्ड थिएटरमध्ये १४ एप्रिल १८६५ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या नाट्यगृहासमोरच्या इमारतीत आज पुस्तकांच्या प्रतिकृतींचा ३४ फूट उंच मनोरा उभा आहे. लिंकनवर आजवर १५,००० च्या आसपास पुस्तकं निघाली, हे तो मनोरा सांगतो. विकिपीडियासारख्या, कुणीही लिहावा आणि कुणीही दुरुस्त करावा अशा ज्ञानकोशात लिंकनचं चरित्र लिहिणाऱ्यांपुढची अडचण या मनोऱ्यातच आहे. इथे आधारांचा दुष्काळ नाही, सुकाळ आहे. आणि सुकाळात खोट्या विधानालाही आधार मिळून जातो. म्हणून असं चरित्र अचूक करायचं तर केवळ तळटिपा वाढवून भागणार नाही. प्रत्येक तळटिपेमागचा साक्षीदार घटनेपासून किती वर्षं दूर उभा होता, हे पाहावं लागेल आणि वाचकालाही सांगावं लागेल, असं माझं म्हणणं आहे.

विकिपीडियाचा मूळ नियम साधा आहे: जे लिहाल ते वाचकाला छापील आधारावर पडताळता आलं पाहिजे. नियम चांगलाच आहे, त्याने मनगढंत मजकुराला बराच लगाम बसतो. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो, की छापील आधार स्वतः कुठल्या तरी खऱ्या पुराव्यापर्यंत पोचलेला असेल. आता गेटिसबर्गचं भाषण घ्या. १९ नोव्हेंबर १८६३ ला लिंकननी ते केलं. रेल्वेने जाता जाता कागदाच्या एका चिटोऱ्यावर त्यांनी ते खरडलं, ही गोष्ट अजून सांगितली जाते. तिला घराघरांत नेलं ते १९०६ साली आलेल्या ‘द परफेक्ट ट्रिब्यूट’ या कथेने, म्हणजे भाषणानंतर ४३ वर्षांनी आणि ललित लेखनातून. उलट लिंकनच्या हातचे या भाषणाचे पाच मसुदे उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी चिटणीस निकोले यांच्याकडे राहिलेल्या मसुद्याचं पहिलं पान राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या छापील कागदावर शाईने लिहिलेलं आहे. तरीही चिटोऱ्याच्या गोष्टीला तळटीप द्यायची म्हटली तर पुस्तकं हवी तितकी सापडतील. ती सारी एकाच झऱ्याचं पाणी पीत आली, हे मात्र तळटिपांची संख्या सांगत नाही.

या रोगावर उपाय इतिहासकारांनी केव्हाच करून ठेवला आहे. डॉन आणि व्हर्जिनिया फेरेनबाकर या दांपत्याने १९९६ साली एक संग्रह प्रसिद्ध केला. लिंकन अमुक म्हणाले, तमुक म्हणाले असं इतरांनी सांगितलेलं त्यांनी एकत्र केलं आणि प्रत्येक उद्गाराला पाचांपैकी एक श्रेणी दिली. ऐकल्यावर लगेच टिपून ठेवलेले शब्द सर्वांत वर, बऱ्याच काळाने आठवून सांगितलेले त्याखाली, आणि बहुधा खरे नसलेले तळाशी. त्यांनी तळातले उद्गार फेकून दिले नाहीत, त्यांच्या अंगावर शिक्का मारला. ज्ञानकोशाने उचलावी ती हीच शिस्त.

ही शिस्त कुठे लागते ते ॲन रटलेजच्या प्रकरणात दिसतं. न्यू सेलम गावातल्या या मुलीवर तरुण लिंकनचं प्रेम होतं आणि १८३५ साली ती वारल्यावर ते पार खचले, ही कथा जगापुढे आली ती १८६६ साली, लिंकनचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्न्डन यांच्या व्याख्यानातून. मधे ३१ वर्षं लोटली होती आणि लिंकन हयात नव्हते. पुढे १९४५ साली जेम्स रँडल यांनी हा पुरावा चाळून जवळजवळ निकालात काढला. १९९० च्या सुमारास अभ्यासकांनी हर्न्डनने जमवलेल्या साक्षी पुन्हा तपासल्या आणि पारडं परत फिरलं; अनेक वृद्ध शेजारी एकाच गोष्टीबद्दल मिळतंजुळतं सांगतात, तेव्हा ते सरसकट नाकारता येत नाही, असं मत बळावलं. अशा जागी ‘लिंकनचं ॲनवर प्रेम होतं’ हे वाक्य अपुरं आणि ‘ती दंतकथा आहे’ हेही अपुरंच. शेजाऱ्यांनी तीस वर्षांनी आठवून तसं सांगितलं, एवढं लिहिलं की वाक्य खरं होतं. तळटीप तीच राहते, फक्त तिचं वय वाक्यात येतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे एका कागदाला तीन वेगळे प्रश्न विचारायचे: तो अस्सल आहे का, त्यात सांगितलेलं खरं आहे का, आणि तो लिहिला कोणी. बोस्टनच्या श्रीमती बिक्सबी यांना २१ नोव्हेंबर १८६४ या तारखेचं सांत्वनपत्र गेलं. पाच मुलं रणांगणावर गमावलेल्या आईला राष्ट्राध्यक्षांनी लिहिलेलं पत्र म्हणून ते अजरामर झालं. पत्र त्या वेळीच वर्तमानपत्रात छापून आलं, त्यामुळे ते गेलं याविषयी वाद नाही. पण पाचांपैकी लढाईत पडले होते दोघेच; लिंकनना युद्धखात्याकडून मिळालेली माहितीच चुकीची होती. मूळ कागद हरवला आहे, आणि मजकूर लिंकनचा की त्यांचे तरुण चिटणीस जॉन हे यांचा, हा वाद अजून मिटलेला नाही. समकालीन पुरावाही सर्व बाबतींत सारखा भरवशाचा नसतो, हे यावरून दिसतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: एवढी नाजूक पारख हौशी लोकांच्या हाती द्यायचीच कशाला? जाणकारांनी लिहावं, बाकीच्यांनी वाचावं. हा प्रयोग होऊन गेला आहे. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश तज्ज्ञांच्या काटेकोर तपासणीने सुरू झाला आणि जेमतेम दोन डझन लेख पुरे होईपर्यंत बंद पडला. शिवाय जाणकार फसत नाहीत असंही नाही. १९२८ च्या डिसेंबरपासून ‘अटलांटिक मंथली’ या मातबर मासिकाने लिंकन आणि ॲन यांची प्रेमपत्रं छापली. कार्ल सँडबर्ग आणि आयडा टार्बेल या नामांकित चरित्रकारांनी सुरुवातीला त्यांना दुजोरा दिला. ती बनावट होती. ते उघडकीला आणण्यात स्प्रिंगफील्डचे तरुण अभ्यासक पॉल अँगल पुढे होते. १८३५ पूर्वीच्या म्हटलेल्या या पत्रांत स्पेन्सरच्या कित्त्याचा उल्लेख होता आणि तो कित्ता निघाला १८४८ साली. कॅन्ससला जाऊन राहण्याची गोष्ट होती आणि तो प्रदेश वसाहतीला खुला झाला १८५४ साली. या चुका पकडायला कीर्ती नव्हे, सावधपणा लागतो. सनावळी जुळवून पाहणारे डोळे जितके अधिक, तितकं बनावट कागदाचं आयुष्य कमी.

दुसरा आक्षेप ज्ञानकोशाच्या आतूनच येतो आणि तो अधिक वजनदार आहे. विकिपीडियावर स्वतःचं संशोधन मांडायला मनाई आहे. मग पुराव्याला श्रेणी लावणं हे संशोधनच नव्हे का? संपादकाने आपल्या अंदाजाने श्रेणी लावली तर तो नियमभंगच होईल, हे मान्य. पण फेरेनबाकरांची श्रेणी, रँडल यांचा निकाल आणि त्यावरचा नंतरचा फेरविचार हे सारं छापील आहे. ते सांगणं हे संशोधन नव्हे. ते लपवून केवळ सोयीचं विधान उचलणं मात्र चरित्राला एका बाजूला झुकवणं आहे. अशाने वाक्यं बोजड होतील असंही कुणी म्हणेल. ‘त्याच आठवड्यात टिपलेलं’ किंवा ‘वीस वर्षांनी सांगितलेलं’ हे दोनतीन शब्द आहेत. लिंकनच्या जन्मतारखेला त्यांची गरज नाही. जिथे विधान आठवणीवर उभं आहे, तिथेच ते लागतात.

तिसरा आक्षेप आपल्याकडचाच आहे. लिंकननी मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून सांगतात ते पत्र वसंत बापट यांच्या अनुवादामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर लागलं आहे. उपदेश चांगला आहे, मग ते खरं की खोटं याची उठाठेव कशाला? १९५३ साली रॉय बॅस्लर यांच्या संपादनाखाली निघालेल्या लिंकनच्या समग्र लेखनात हे पत्र नाही, आणि त्याचा मूळ कागद कुणी दाखवलेला नाही. उपदेश म्हणून ते वाचायला कुणाचीच हरकत नसावी. पण चरित्रात ते घातलं की खऱ्या लिंकनची जागा जाते. शाळेविषयी त्यांनी स्वतः लिहिलेलं उपलब्ध आहे: सगळी शाळा मिळून वर्षभराचीही भरली नाही, आणि वाचणं, लिहिणं, त्रैराशिकापर्यंतचं गणित एवढ्यावर आपलं शिक्षण थांबलं, असं ते सांगतात. इतक्या थोड्या शाळेवर उभा राहिलेला माणूस त्या सुबक पत्रातल्या बापापेक्षा विद्यार्थ्यांना अधिक शिकवील.

आणि ही पारख मराठी माणसाला परकी नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींतल्या मजकुरासमोर त्या त्या काळची पत्रं ठेवली आणि बखरींच्या चुका दाखवून दिल्या. प्रसंगानंतर रचलेली बखर वेगळी आणि प्रसंगाच्या दिवसांत लिहिलेलं पत्र वेगळं, हे आपल्या इतिहासलेखनाने शंभर वर्षांपूर्वीच शिकून घेतलं. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे. तिथे इंग्रजी लेखावरून चरित्र उतरवलं की मूळ लेखातली चूकही सोबत येते, आणि तिकडे ती सुधारली तरी इकडे तशीच राहू शकते. म्हणून भाषांतर करणाऱ्याने वाक्य उचलण्याआधी त्याचा आधार उघडून पाहणं हे इथे दुप्पट गरजेचं आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. प्रत्येक पानाला ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ जोडलेले असतात. एखाद्या उद्गाराखाली विसाव्या शतकातलं पुस्तक दिसलं, तर त्या पुस्तकाने तो कुठून घेतला हे चर्चापानावर विचारावं. उत्तर मिळालं तर वाक्यात सन घालावा. नाही मिळालं, तर तो उद्गार लिंकनच्या तोंडून काढून, ज्याने पहिल्यांदा छापला त्याच्या नावावर टाकावा.