मोटार धुण्याचा धंदा : एक निवेदन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



इंदूरच्या आपल्या या संस्थेत विद्या, संगीत, नाट्य यांवर भाषणे होत आली आहेत. तेथे मोटारी धुण्याचा विषय घेऊन उभे राहताना आम्हां तिघा मित्रांना संकोच वाटतो. परंतु ज्या संस्थेने आमच्या फीचा भार उचलला, तिच्यापुढे आमचा बेत मांडणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

घरी हा बेत कळला तेव्हा आजी म्हणाली, "एवढं शिकलास, ते लोकांच्या गाड्या पुसायला का रे?" आम्ही म्हटले, "आजी, चांदीची भांडी तू कधी दुसऱ्याच्या हाती घासायला दिलीस का?" ती हसली आणि गप्प बसली. पुसणे हीही विद्या आहे, हे तिला ठाऊकच होते.

मोटारीच्या रंगाचा खरा शत्रू धुळीचा कण. कोरडे फडके फिरवले की तोच कण रंगावर घासला जातो आणि उन्हात पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. म्हणून आधी पाण्याच्या जोराने धूळ सोडवावी, मग फेस लावावा. दोन बादल्या ठेवाव्यात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत हातमोजा खळबळण्यासाठी साधे पाणी. चाकांचे फडके अंगाला लावू नये. तापलेल्या गाडीवर भर उन्हात साबण वाळू देऊ नये. एवढे नियम पाळले तरी निम्मे काम साधते.

परंतु धंद्याची खरी कसोटी चकाकीत नाही, पाण्यात आहे. नळीतून मिनिटाला १५ लिटर पाणी पडते असे धरले, तर १० मिनिटांत १५० लिटर गेले. शहरातील एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मानक आहे. म्हणजे एका मोटारीमागे एका माणसाचे दिवसाचे पाणी गटारात! आपल्या वडीलधाऱ्यांना १९७० चे नर्मदा आंदोलन आठवत असेल. त्यानंतर १९७८ साली जलूदहून सुमारे ७० किलोमीटर दूरचे ते पाणी घाट चढून आपल्या घरी आले. ते मोटारीवर ओतताना हात कचरलाच पाहिजे. बंगळूर येथे मार्च २०२४ मध्ये टंचाई पडली, तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरवावा लागला. तशी वेळ येण्याआधीच शहाणे व्हावे.

म्हणून आमच्या योजनेत पहिला खर्च यंत्राचा नाही, हौदाचा आहे. हौदाला तीन कप्पे असतील. पहिल्यात गाळ बसेल. दुसऱ्यात तेल वर तरंगेल, ते काढून वेगळे ठेवू. तिसऱ्यातून वाळूच्या गाळणीने निघालेले पाणी पुन्हा पहिल्या धुण्यास आणि फरशीस वापरू. बोरिंगचे पाणी जड असले तर सुकताना पांढरे डाग पाडते. म्हणून शेवटच्या हातापुरते तेवढे क्षार काढलेले पाणी घेऊ.

येथेच आमच्यात मतभेद झाला. एक मित्र म्हणाला, "दसऱ्याला प्रत्येक जण गाडी धुऊन हार घालतो. तेव्हाच दार उघडू. हौद मागाहून बांधू." विचार मोहाचा होता. जमवलेली पुंजी गुंतलेली, जागेचे भाडे सुरू झालेले. दोन रात्री आम्ही वाद घातला. अखेर ठरले, की मागाहून बांधायचा हौद कधीच बांधला जात नाही. या वर्षीचा दसरा आम्ही सोडणार आहोत. तोटा होईल, तो आम्ही तिघे वाटून घेऊ.

दुसरा निश्चय कामगारांविषयी. दिवसभर ओल्यात उभ्या राहणाऱ्या माणसास गमबूट, हातमोजे, ठरलेला पगार आणि आठवड्याची सुटी मिळेल. आम्ही तिघेही पहिले सहा महिने त्यांच्यासारखेच फडके हाती धरू. ज्यास स्वतः गाडी धुता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या कामात खोड काढू नये.

आम्ही देणगी मागण्यास आलो नाही. हौद बांधून होईल त्या दिवशी आपण येऊन तो तपासावा, एवढीच विनंती आहे. शेवटच्या कप्प्यातले पाणी गढूळ दिसले, तर दार उघडू नका असे आम्हांला खुशाल सांगावे. आम्ही ऐकू.