खेळातून प्रयोगशाळेकडे



पांढुर्णा-सौंसर परिसरातील मुलांपुढे रसायनशास्त्र एका शब्दाचा गोंधळ घेऊनच उभे राहते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठीभाषी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. घरची भाषा मराठी आणि शाळेचे पुस्तक बहुधा हिंदी. मराठी परिभाषेत 'क्षार' म्हणजे मिठाच्या जातीचा पदार्थ. हिंदीत मात्र चुन्याच्या निवळीसारखा, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. व्याख्या घोकून हा गोंधळ सुटत नाही. पदार्थ हाताला ओळखता आला, की शब्द आपोआप जागेवर बसतो.

त्यासाठी एक खेळ सुचवितो. तीन बाटल्यांत मिठाचे पाणी, चुन्याची निवळी आणि लिंबूसत्वाचे पाणी भरावे. बाटल्यांवर केवळ क्रमांक घालावेत. साधन एकच, हळदीचा कागद. चव घेणारा गडी बाद! निवळीने कागद लाल होतो. उरलेल्या दोहोंनी काहीच होत नाही. येथे मुले अडतात. मग कोणालातरी सुचते, की लाल झालेलाच कागद पुन्हा वापरावा. जे पाणी त्यास पुन्हा पिवळा करील, ते आम्ल.

दुसरा खेळ थेंबांचा. १० मिलिलिटर निवळीत चिमूटभर हळद घालावी आणि रंग पालटेपर्यंत ड्रॉपरने गाळलेला संत्र्याचा रस सोडावा. थेंब प्रतिस्पर्धी संघाने मोजावेत. तीन वेळांचे आकडे ज्याचे सर्वांत जवळ, तो संघ विजयी. ब्युरेट हाती येण्यापूर्वीच अनुमापनाचा संयम येथे अंगी बाणतो. एकाच झाडाची संत्री दर आठवड्यास तपासली, तर फळ पिकत जाते तसे थेंब वाढतात. आंबटपणा उतरल्याची ती खूण.

यात माझ्या मते खरा प्रश्न सचोटीचा आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असते. म्हणून निरीक्षणे 'जमविण्याचा' मोह होतो. खेळात उत्तर कोणासच ठाऊक नसते आणि मोजणारा प्रतिपक्षाचा असतो. तेथे खरा आकडा लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्याच राज्यात, सातपुड्यापलीकडे, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. स्वस्त साधनांनी ग्रामीण मुलेही स्वतः प्रयोग करू शकतात, हे त्याने दाखविले. २००२ साली तो शासनाने बंद केला; परंतु हळद, चुना आणि संत्री यांवर कोणाची बंदी नाही.

खेळाला मर्यादाही आहे. तीव्र गंधकाम्लाशी खेळ करावयाचा नसतो; तेथे शिक्षकाची देखरेख आणि शिस्तच हवी. पण ती शिस्त पाळणारा हात आधी निर्भय झालेला असावा, आणि प्रामाणिकही. आपल्या शाळेने एवढे साधले, तर ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो, त्यांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.